उष्टी हवा

कामिनीबाई पाटील दुसऱ्याने तोंड लावलेल्या तांब्याचं पाणी पीत नाहीत. नवऱ्याने चुकून त्यांच्या कपातला घोट घेतला की कप त्याच्याकडे सरकवतात, "प्या आता सगळा." जळगावच्या तरण तलावावर त्या अठरा वर्षं बायकांची सकाळची बॅच घेतात. पाण्यात कोणी थुंकलं की सगळी बॅच बाहेर. अशी बाई पन्नाशीला टाकी पाठीवर बांधून समुद्राच्या तळाशी मासे बघायच्या नादाला लागली, याचं असोद्याला, त्यांच्या सासरी, फार नवल.

नाद मालवणात लागला. पण तिथे भाड्याने दिलेला रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा तोंडाशी आणणारं यंत्र, हातात आला आणि त्यांनी तो चिमटीत लांब धरला. तोंडात धरायच्या रबरावर कोणाकोणाचे दात उमटलेले, कडेला हिरवट बुळबुळ, आतून शिळ्या तोंडाचा वास. खाली मासे झुंडीने फिरत होते आणि बाई पूर्ण वेळ जीभ मागे ओढून बसल्या होत्या.

घरी येताच पुण्याच्या दुकानाला फोन. दुकानदार सांगू लागला, "ताई, एका टाकीवर दोन नळ्या. काळं तोंड तुमचं. पिवळं जोडीदाराचं, त्याची हवा संपली तर."

"म्हणजे त्याचं वेगळं?"

"वेगळं."

मग तो आतल्या पडद्याचं, पिस्टनचं बोलत राहिला. बाईंनी ऐकलं नाही. वेगळं म्हटलं, तिथेच सेट ठरला.

सेट आला. घरात रिमोटला कव्हर, मिक्सरला कव्हर, सोफ्याला कव्हर. बाईंनी पिवळ्या तोंडावरही प्लॅस्टिकची पिशवी चढवून दुहेरी रबरबँड मारला. नवी वस्तू, धूळ कशाला बसू द्यायची?

जोडीदार होता धाकटा दीर लीलाधर. केळीचा माणूस, पट्टीचा पोहणारा, पण गालात दिवसभर तंबाखू. मळ्यातल्या विहिरीत भाड्याची टाकी बांधून सरावाला उतरताना त्याने काठावर पिंक टाकली.

"चूळ भरा आधी!"

"पाण्यातच चाल्लो ना वहिनी, आपोआप धुवाईन!"

पंचवीस फूट खोल गेल्यावर त्याने बाईंचा खांदा गच्च धरला. हाताची कड गळ्यावरून फिरवली. हवा संपली! गडी आपल्या टाकीचा काटा बघायलाच विसरला होता. त्याने पिवळं तोंड ओढून दातांत धरलं, जोर लावून ओढलं, आणि प्लॅस्टिक टाळ्याला चिकटलं. बाईंनी रबरबँडला नखं लावली. तो निघेना. लीलाधरचे डोळे काचेआड मोठे होत गेले.

कामिनीबाईंनी स्वतःच्या तोंडातलं रबर काढून त्याच्या तोंडात कोंबलं.

दोन श्वास त्याचे, दोन त्यांचे. असं करत दोघं हळूहळू वर आले. दर खेपेला रबर परत येई ते तंबाखू, चुना आणि लाळ घेऊन. बाई ते ओठांत धरत, ओढत, परत देत.

वर येताच त्या पायरीवर भडाभडा ओकल्या.

"वहिनी," लीलाधर धापा टाकत म्हणाला, "माह्यं तोंड इतकं वंगाय आहे का वं?"

"चूप! तंबाखूचं अख्खं शेत गियलं मी!" बाईंनी हातातली पिशवी लागलेली नळी पाहिली आणि पुन्हा उमासा आला. या खेपेला तो तंबाखूचा नव्हता. ही पिशवी कोणी लावली होती, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी पुन्हा पुण्याला फोन.

"जीव जात असला की माणूस समोरच्याच्या तोंडातलंच ओरबाडतो. त्याचीच सोय असलेली मांडणी आहे का?"

"आहे ना. तोंडातल्या रेग्युलेटरची नळी लांब असते, तोच द्यायचा. दुसरा गळ्यात रबराने लटकतो, तो आपण घ्यायचा. पण ताई, मागे तुम्हालाच तर वेगळं हवं होतं."

"आताही वेगळंच आहे. माझं उष्टं दिरांना चालतं. त्यांचं परत मला नको. पाठवा."