चार वीत उंचीची खिडकी

या सदरातले अनुभव वाचून मी आजवर हसतच आलो. माझा जन्म गेला ट्रकच्या बॉड्या बांधण्यात. जे टेपने मोजता येत नाही ते नाहीच, असा आमचा खाक्या. तरी हे लिहितोय... हसायचं तर हसा.

७४-७५ साल असेल. सांगलीत विश्रामबागला माझी शेड होती. मलकापूरचे एक रिटायर्ड सुभेदार जीपला जोडून जुनी कॅराव्हॅन घेऊन आले – म्हणजे चाकांवरची खोलीच. धरणाच्या कामावरच्या कुणा परदेशी इंजिनिअरची, लिलावात निघालेली. पत्रा बरा होता, पण आतलं प्लायवूड कुजलेलं, पाय ठेवला की खाली जायचं. मी म्हटलं, यात कोंबड्या पाळा. सुभेदार हसले नाहीत.

त्यांची सगळी नोकरी सरहद्दीवर, बायको, म्हणजे आक्का, गावाकडे ऊस सांभाळत राहिलेल्या. रिटायर झालो की तुला फिरवीन, असं ते दर सुट्टीत सांगायचे. ते घरी आले आणि सहा महिन्यांत आक्कांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं.

"तिला उठाया येत न्हाई. म्हनलं, मग खाटंसकट फिरवू," एवढंच ते बोलले. मला माझ्या त्या कोंबड्यांची फार लाज वाटली.

खाटेचं माप घ्यायला मी मलकापूरला गेलो. आक्का गळ्यापर्यंत वाकळ ओढून पडल्या होत्या. खास काही हवंय का, विचारलं.

"खिडकी तेवढी खाली ठेवा, मिस्त्री. पडल्या पडल्या रान दिसाया पायजे. भुईपासनं चार वीत, बास."

मी वहीत लिहिलं – चार वीत. कुणाची वीत, हे काही विचारलं नाही.

महिनाभर राबलो. नवी जमीन, सागवानी चौकटी, आतून नवं प्लायवूड, खाट चढवायला उतरती फळी. मग खिडकीची पाळी आली. माझ्या रुंद पंजाने चार वीत मोजून पेन्सिलने रेघ मारली, दाराला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि दुपारच्या फराळाला घरी गेलो. आल्यावर कापणार होतो. एकदा पत्रा कापला की कापला.

परत येऊन दार उघडलं... नव्या प्लायवूडवर, जमिनीपासून एकावर एक, हळदीचे चार पंजे उमटले होते. बोटं ताणलेली, बाईच्या हाताएवढी. मधल्या बोटाचं टोक चारही ठिकाणी नव्हतं. वरचा पंजा माझ्या रेघेच्या खाली जवळजवळ वीतभर संपत होता. शेडमध्ये मी एकटाच. त्यात त्या दिवशी संकष्टी, मी उपासाची साबुदाण्याची खिचडी खाऊन आलेलो. हाताला हळद लागायचा प्रश्नच नव्हता.

मी मुकाट्याने माझी रेघ पुसली आणि खिडकी तिथे, खाली कापली.

गाडी मलकापूरला नेली तेव्हा सुनेने आक्कांच्या अंगावरची वाकळ काढली. लुळा उजवा हात पहिल्यांदाच दिसला. मधल्या बोटाचं पेर नव्हतं. ऊसतोडीत कोयत्याने गेलेलं, सून म्हणाली. त्या हाताला रोज हळदीचा लेप लावते, हेही तिनेच सांगितलं. फक्त गेल्या संकष्टीला दुपारी बघते तर लेप साफ पुसलेला, आणि वाकळेला डाग म्हणून नाही.

खाट आत चढवली. सुभेदारांनी तो हात उचलून पंज्यावर टेकवला. तंतोतंत बसला. आक्का त्याच्याकडे बघत राहिल्या.

"माजाच हाय की," त्या हळूच म्हणाल्या. मग मान वळवून खिडकीबाहेर बघायला लागल्या.

पहिल्यांदा ते आष्ट्याला, आक्कांच्या माहेरी गेले. मी थोडं अंतर मागून स्कूटरवर होतो, चाकं नीट धावतात का बघायला. निदान घरी तरी तसंच सांगितलं होतं. खिडकीत त्यांचा चेहरा दिसत होता, बाजूने ऊस सरकत होता आणि त्या रडत हसत होत्या. माझ्या रेघेवर कापली असती, तर त्यांना नुसतं आभाळ दिसलं असतं.

तो हात पुढे कधीच हलला नाही. ते पंजे मी रंगवले नाहीत, वरून नुसतं व्हार्निश मारलं. कसे उमटले, मला आजही सांगता येत नाही. तेव्हापासून एवढंच करतो... कुणी वितीत माप सांगितलं, की आधी त्यांचा हात बघून घेतो.