जोखीम : काही नाही

कॉलेजच्या जिन्याखालच्या खोलीत कॅमेरे, दिवे, ट्रायपॉड आणि वायरींची भेंडोळी सांभाळणाऱ्या बाईंना मुलं पाठीमागे ‘नाहीबाई’ म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं. त्यांचं म्हणणं एवढंच, की मी दिवसातून पन्नासदा ‘हो’ म्हणते, ते कुणाच्या लक्षात राहत नाही.

बाई रागीट होत्या, हे मात्र खरं. त्या रागाला कारण होतं. नऊ वर्षांपूर्वी एक विद्यार्थी वरून चित्रीकरण करायला शिडीवर चढला, शिडी घसरली आणि त्याच्या मांडीचं हाड मोडलं. परवानगी शिक्षकांची होती. पण चौकशीत पहिला प्रश्न बाईंना आला, “तुम्ही त्याला शिडी दिलीच कशी?” मेमोही बाईंनाच मिळाला. तेव्हापासून त्यांनी प्राचार्यांच्या मागे भुणभुण लावून एक फॉर्म करून घेतला. जागा कुठली, कोण कोण जाणार, जागा कुणी पाहिली, जोखीम काय, आणि खाली शिक्षकांची सही. तो भरल्याशिवाय सामान मिळणार नाही. प्राचार्य बदलले, फॉर्म राहिला. बाईंनी त्याला पोटच्या पोरासारखं जपलं.

त्या वर्षी शेवटच्या परीक्षेला सगळ्यांना गाण्याचा व्हिडिओ करायचा होता. एक मुलगी फॉर्म घेऊन खिडकीपाशी आली. हुशार म्हणून तिचं नाव होतं. वर्गातल्याच पोरांनी बसवलेलं गाणं, दिग्दर्शन तिचं. सोबत जाडजूड फाईल. गाण्याच्या एकेका सेकंदासमोर काय दिसणार ते लिहिलेलं, चित्रं काढलेली, कपड्यांचे रंग चिकटवलेले. बाईंनी मान डोलावली. असं काम वर्षातून एखाददुसरं येई.

मग त्यांनी फॉर्म वाचला. जागा : बंद पडलेल्या छापखान्याचं छप्पर, चौथा मजला. जोखीम : काही नाही. खाली विभागप्रमुख सरांची सही, नेहमीसारखी घाईची.

“छपरावर कोण जाणार?”

“मैत्रीण. ती नाचत पळत जाते, शेवटच्या कडव्यात. कॅमेरा तिच्या मागे.”

“जागा पाहिलीस?”

“हो. नेटवर खूप फोटो आहेत, वरून काढलेले. असे तीस-चाळीस व्हिडिओपण पाहिलेत, कोणी काय काय केलंय त्याचं संशोधन फाईलमध्ये आहे.”

“मी विचारलं, तू तिथे गेली होतीस का?”

मुलीने फॉर्मवरच्या सहीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, “सरांनी सही केलीय ना.”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण पोरीवर ओरडून उपयोग नव्हता. त्यांनी फॉर्म ठेवून घेतला आणि “उद्या ये” एवढंच म्हणाल्या.

दुपारच्या सुट्टीत त्या डबा न उघडता छत्री घेऊन निघाल्या. छापखाना कॉलेजपासून दोन चौक पुढे होता. फाटकाशी म्हातारा रखवालदार खुर्ची टाकून बसला होता. इथे चित्रीकरण होणार म्हणून कुणी विचारायला आलं होतं का, असं बाईंनी विचारलं. तो म्हणाला, “चार वर्षांत माझ्याशी कुणी धड बोललं नाही. तुम्ही पहिल्या.”

तो त्यांना वर घेऊन गेला. तिसऱ्या मजल्यानंतर जिन्याचा कठडा कुणीतरी भंगारात विकायला कापून नेला होता. वर सिमेंटचे पत्रे, त्यावर शेवाळ. कडेची भिंत गुडघ्याएवढी. रखवालदार दारातच थांबला. “पुढे नको, ताई,” तो म्हणाला. बाईंनी दारातूनच छत्रीचं टोक पत्र्यावर जरा जोराने टेकवलं. टोक बिस्किटात बोट जावं तसं आरपार गेलं. भोकातून खाली यंत्रांचे गंजलेले सांगाडे दिसत होते.

फाईलप्रमाणे गाण्याच्या दोन मिनिटं दहाव्या सेकंदाला त्या मैत्रिणीने इथूनच पळायचं होतं. बाईंनी मोबाईलवर फोटो काढले.

सर स्टाफरूममध्ये चहा पीत होते. बाईंनी मोबाईल त्यांच्यासमोर धरला. सरांनी तो लांबूनच पाहिला.

“बाई, तुमचं काम सामान देणं-घेणं. शैक्षणिक बाबी आम्ही बघतो.”

“मग बघा ना. मी तेच म्हणतेय. तुम्ही बघितलंच नाही.”

“एकशेवीस मुलं आहेत माझ्याकडे. प्रत्येकाच्या छपरावर जाऊन बसू का?”

“जाऊ नका. ‘काही नाही’ हे दोन शब्द वाचायला चौथा मजला चढावा लागत नाही. आणि उद्या ती पोर छपरातून खाली आली, तर विचारणार मलाच, कॅमेरा दिला कसा.”

स्टाफरूममधले बाकीचे एकदम वह्या तपासण्यात गर्क झाले. सर म्हणाले, “आवाज कमी करा.” बाईंनी आवाज कमी केला नाही. त्या जिन्याखाली आल्या, खिडकी लावून घेतली, बाहेर स्टूल टाकलं आणि त्यावर बसून राहिल्या. तासाभरात बाहेर रांग लागली, मग आरडाओरडा झाला, मग प्राचार्य आले.

प्राचार्यांना वाद नको होता. त्यांना कधीच कुठला वाद नको असे. “बाई, समजुतीने घेऊ,” ते म्हणाले.

“घेऊ की. सरांनी लिहून द्यावं, की सही न वाचता केली. नाहीतर तुम्ही माझ्याबरोबर वर चला.”

प्राचार्य खरोखरच निघाले. दुसऱ्या मजल्यावर त्यांना धाप लागली, तिसऱ्यावर कापलेला कठडा दिसला, आणि तिथूनच ते भिंतीला पाठ लावून एकेक पायरी उतरले. खाली आल्यावर रखवालदाराच्या खुर्चीत बसून म्हणाले, “छप्पर रद्द.”

बातमी लागताच मुलगी तणतणत आली. “तुमच्यामुळे माझा प्रोजेक्ट गेला. दोन महिने घालवलेत मी. तुम्हाला काय कळतं त्यातलं?”

“चल,” बाई म्हणाल्या.

“कुठे?”

“तुझं संशोधन अर्धं राहिलंय. ते पुरं करू.”

मुलगी धुसफुसत आली. छपराच्या दारात उभी राहून तिने ते भोक पाहिलं. नंतर अगदी बारीक आवाजात म्हणाली, “मी तिला म्हटलं होतं, पळताना खाली बघू नकोस, चेहरा बिघडतो.” पूर्ण जिना ती भिंतीला हात लावून उतरली. तळाशी आल्यावर मात्र ती भडकली. सरांवर, फोटो टाकणाऱ्यांवर, स्वतःवर, आणि एकदा बाईंवरही, की आधीच का नाही सांगितलंत. बाईंनी ते ऐकून घेतलं. हा राग त्यांच्या ओळखीचा होता.

नंतरचा आठवडा ती पोर रोज छापखान्याच्या अंगणात होती. शेवटचं कडवं आता तिथेच चित्रित करायचं होतं. कोणत्या वेळी ऊन कुठे येतं ते खडूने लिहून ठेवलं. कडवं अठरा सेकंदांचं, त्यात मैत्रीण किती पावलं पळू शकते ते मोजलं. रखवालदाराकडून मालकाचा पत्ता घेऊन रीतसर परवानगीचं पत्र आणलं. फॉर्मवर जोखमीच्या रकान्यात अकरा ओळी लिहिल्या. फुटक्या काचा, उघडं गटार, भटकी कुत्री, सगळं. बाईंनी सामान दिलं आणि वरून दोन बॅटऱ्या जास्त दिल्या.

व्हिडिओ चांगला झाला. निकालाच्या दिवशी सभागृहात सरांनी माईकवर सांगितलं, की आमचा विभाग सुरक्षिततेबाबत किती काटेकोर असतो, याचं हे उदाहरण. टाळ्या झाल्या. बाई मागच्या दाराशी उभ्या होत्या. त्यांच्या पर्समध्ये सकाळीच मिळालेला मेमो होता : कार्यालयीन वेळेत विनापरवानगी साहित्यकक्ष बंद ठेवल्याबद्दल.

व्हिडिओच्या शेवटी आभाराची यादी आली. सरांचं नाव, प्राचार्यांचं नाव, छापखान्याचे मालक, रखवालदार, पाणी आणून देणारी चुलत बहीणसुद्धा. बाईंचं नव्हतं.

घरी नवरा म्हणाला, “पोर वाचली ना, मग सोड आता.” बाई म्हणाल्या, “पोर वाचली म्हणून मेमो खरा होतो का?” आणि बसून मेमोला चार पानी उत्तर लिहिलं. त्याला आजतागायत कुणी उत्तर दिलेलं नाही. पण आभाराच्या यादीचं त्या कुणाशीच बोलल्या नाहीत. एवढ्या तेवढ्या गोष्टीचं आपल्याला लागावं, याचाही त्यांना संताप येत होता.

दोन दिवसांनी मुलगी सभागृहातल्या कार्यक्रमाला नेलेले दिवे परत करायला आली. हसत होती. मग बाईंचा चेहरा पाहून थांबली, आणि तिच्या लक्षात आलं.

“बाई, तुमचं नाव... राहिलंच.”

“राहिलं म्हणजे? आपोआप राहिलं?” बाई म्हणाल्या. “तू लिहिलं नाहीस. तसं म्हण.”

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. “मी लिहिलं नाही,” ती म्हणाली.

बाईंनी मान हलवली, पिशवी उघडली आणि दिवे एकेक करून पेटवून पाहायला लागल्या. मुलगी गेली नाही. तिने खिडकीवरची वायर उचलली आणि ती गुंडाळत तिथेच उभी राहिली.