स्वतःचे मन तपासणाऱ्या रूथबाई

रूथबाईंची आणि माझी पहिली भेट झाली ती एका बंद दाराबाहेर. तळोद्याच्या एका दवाखान्यात मी प्रयोगशाळेत नव्यानेच रुजू झाले होते. रक्ताचा एक अहवाल तिथल्या परिचारिका रूथबाईंच्या हाती द्यायचा होता. वॉर्डातल्या एक आया म्हणाल्या, "सिस्टर चादरींच्या खोलीत आहेत. पाव तास थांबा." हे रोज दुपारचे, असेही त्यांनी सांगितले.

मी तापीकाठच्या शेतकरी घरातली. देवपूजा लहानपणापासून पाहिलेली. पण त्या खोलीत ना तसबीर, ना मेणबत्ती. चादरींच्या कपाटाशेजारी फक्त एक स्टूल. मला राहवेना. आठवड्याभरात विचारूनच टाकले, "बाई, तुम्ही आत काय करतस?"

रूथबाई हसून अहिराणीत म्हणाल्या, "मन्हा मननी तपासणी. लोकेसना ताप मी रोज मोजस. मन्हा कोन मोजी?"

रूथबाईंचे वडील नवापूरकडच्या एका लहान ख्रिस्ती मंडळीचे पाळक होते. आज कोणाला टाकून बोललो, कोणाकडे पाहायचे टाळले, हे प्रभू येशूसमोर एकेक आठवायचे, क्षमा मागायची आणि मग कामाला लागायचे, ही सवय त्यांनी लेकीला लावली. मला मात्र एक शंका होती. क्षमा देवाकडे मागून झाली, पण ज्याला दुखावले त्याचे काय? ती मी बरेच दिवस मनातच ठेवली.

उत्तर मिळाले ते एका वाईट प्रसंगातून. वॉर्डातल्या एका बाळंतिणीचे चांदीचे कडे हरवले. गडबड उडाली आणि रूथबाईंनी भरल्या वॉर्डात आया जमनाबाई यांना पिशवी उघडायला लावली. पिशवीत एक लुगडे आणि भाकरी होती. जमनाबाई पिशवी उचलून निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी कडे धुवायच्या चादरीत सापडले. जमनाबाई परत आल्या नाहीत.

रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाचा पेला पुढे आला तेव्हा रूथबाईंनी तो घेतला नाही. ज्याला दुखावले त्याच्याशी आधी समेट करायचा, मगच तो घ्यायचा, असे त्या मानत. सोमवारी त्यांनी रजा टाकली आणि मला म्हणाल्या, "चालस का मन्हासंगे?" खरे सांगायचे तर मी सोबतीपेक्षा कुतूहलापोटीच गेले.

जमनाबाईंचा पाडा मणिबेलीच्या बाजूला. जीपने घाट ओलांडला, पुढे नर्मदेतून बोट. अख्ख्या वाटेत रूथबाई एकदाच बोलल्या. "कडं सापडनं नसतं, तरी मी उनू असतू का?" त्या स्वतःला किती खोल तपासतात, हे मला तेव्हा कळले.

जमनाबाई अंगणात मका सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. रूथबाई मातीत बसल्या आणि जमनाबाईंच्या पावरी बोलीत, मोडक्यातोडक्या शब्दांत त्यांनी माफी मागितली. जमनाबाईंनी हातातले कणीस संपवले, मग मराठीत म्हणाल्या, "पिशवी उघडली तेव्हा सगळे होते. इथं नदी आहे आणि शेळ्या. तिथं बोला."

"बोलेन. तुम्ही याल?"

"येईन. ऐकायला."

डॉक्टरांना हे पटेना. "आत बसून मिटवा. दवाखान्याचं नाव जाईल." रूथबाई शांतपणे म्हणाल्या, "नाव मन्हं जाई, साहेब. जाऊ द्या."

बाजाराच्या दिवशी रुग्णांची रांग दारापर्यंत होती. रूथबाई पुढे उभ्या राहिल्या. "ह्या जमनाबाई. मी ह्यांच्यावर चोरीचा आळ घेतला. तो खोटा होता. चूक मन्ही शे." आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोहोचला. जमनाबाईंनी ते ऐकले, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "ऐकलं. पण कामावर येणार नाही."

त्या गेल्यावर मी विचारले, "मग माफी मिळाली का, बाई?"

"देवानी दिधी. जमनाबाईसनी द्यावी का नहीं, तो त्यासना हक्क शे," असे म्हणून रूथबाई इंजेक्शनांच्या टेबलाकडे वळल्या.

सुमारे वर्षभराने बोट आणि जीप करून जमनाबाई सुनेला बाळंतपणासाठी घेऊन आल्या. नोंदणीच्या खिडकीत त्यांनी एकच अट घातली, "रूथबाई असतील तरच." मुलगी झाली. रूथबाईंनी ती जमनाबाईंच्या ओंजळीत ठेवली.

आज रूथबाई पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. पाड्यांवरच्या बायका अजूनही त्यांच्या ओट्यावर मन मोकळे करायला येतात. परवा मीही गेले होते. विचारले, "बाई, मी तर देवळात जाणारी. मला जमेल का असं बसायला?" त्या म्हणाल्या, "बसीसन तर देख." बसू लागले आहे. पहिल्याच आठवड्यात धाकट्या जावेला फोन करावा लागला. आम्ही चार वर्षे बोलत नव्हतो.

रूथबाईंचे गुडघे बरे राहोत, नजर शाबूत राहो आणि त्यांना भरपूर आयुष्य लाभो. माफी मागायच्या माझ्या यादीत अजून दोन नावे आहेत; तोवर तरी त्या आम्हांला हव्यातच.