राजाचं लाल नाक

इलारिओन कोल्केने पस्तीस वर्षं खनिज दळायच्या गिरणीत काढली आणि उरलेला वेळ जुन्या चांदीच्या नाण्यांत. आमच्या पोतोसी शहरात याचं कुणाला नवल वाटत नाही. इथल्या डोंगराने अख्ख्या जगाला चांदी पुरवली, आमच्याकडे राहिली धूळ आणि खोकला. त्याच्याकडे चौदा नाणी होती. त्यातली दोन इथून निघून समुद्रापार गेलेली, चिनी व्यापाऱ्यांचे शिक्के अंगावर घेऊन परत आलेली. नाणं घासून चकचकीत करणारा माणूस दिसला की तो तिथल्या तिथे भांडायचा. "कातडी सोलताय त्याची," म्हणायचा.

नाण्यांवरच्या चुकीच्या पुस्तकांवर त्याचा जास्त राग. त्याच्याकडे एकच होतं, झेरॉक्सचीही झेरॉक्स, चार पानं गायब. चुका सापडतील तशा तो पेन्सिलने दुरुस्त करायचा. खरं, जाडजूड पुस्तक सुक्रे शहरात एका निवृत्त बाईंकडे आहे, एवढं तीस वर्षं ऐकत आलेला.

ऑगस्टात संत बार्तोलोमेच्या जत्रेत आम्ही मिरवणुकीतल्या गाड्या कापडांनी मढवतो. कापडावर चांदीची ताटं, चमचे, नाणी शिवलेली. इलारिओनच्या बायकोचं, बेनिताचं, चाळीस नाण्यांचं कापड तिच्या आईच्या काळापासून पहिल्या गाडीवर असायचं. आदल्या दिवशी ती नाणी राख-लिंबाने घासायचं काम घरच्या जावयाचं. दुसऱ्याच्या नाण्यासाठी भांडणाऱ्या या माणसाने ही चाळीस एकतीस वर्षं घासली. मी चिडवलं तर म्हणायचा, "ही माझी नाहीत, कोमाद्रे. संताची आहेत. संताला चकाकी लागते." त्याच्या मुलीची मी धर्ममाता, म्हणून तो मला कोमाद्रे म्हणतो.

बेनिता गेली त्याच्या पुढच्या वर्षी जत्रेचा मान वाल्तेर हांकोकडे आला. तीन ट्रकांचा मालक. जुलैच्या बैठकीत त्याने कापडाच्या मधल्या मोठ्या नाण्यावर अंगठा ठेवला. नाण्यावरच्या राजाचं नाक लाल पडलं होतं.

"काय कोल्केकाका, राजेसाहेबांना सर्दी झालीय वाटतं?"

सगळे हसले.

"पहिल्या गाडीवर तांबं चालणार नाही. चांदी आहे असं दाखवा, नाहीतर कापड शेवटच्या गाडीवर."

मी बाजारातल्या बायकांची संघटना चालवते. नगरपालिकेच्या दारात अकरा दिवस बसून आलेली बाई आहे. इलारिओन तोंड उघडायच्या आत मीच बोलून गेले, "दाखवू की. पुस्तकातून दाखवू."

झेरॉक्समध्ये लिहिलं होतं की त्या नाण्याच्या साली टांकसाळीने तांबं जास्त मिसळलं, म्हणून लाली येते. मी म्हटलं, मिटलं, हे वाचून दाखवा.

"हे दर दोन पानांना चुकतं, आणि नेमकं याच पानावर बरोबर?"

"वाल्तेरला काय कळतंय?"

"मला कळतं ना."

मग बसने सुक्रेला. बाईंचं नाव एल्विया. दार अर्धंच उघडून म्हणाल्या, पुस्तक घराबाहेर जात नाही. मी आवाज चढवला.

"ओरडा हवं तेवढं, ताई," त्या म्हणाल्या. "पुस्तकाला पाय नाहीत. वाचायचं तर आत या, हात धुवा."

इलारिओनने दोनदा हात धुतले. अंगणातल्या टेबलावर तो तास-दीड तास वाचत बसला. चाळीस नाण्यांची टिपणं त्याने वहीत आणली होती, ती एकेक करून ताडून पाहिली. शेवटी खिशातून मधलं नाणं काढलं, कापडावरून स्वतः उसवून आणलेलं. पुस्तकात होतं, खऱ्या नाण्याच्या कडेला गोल, चौकोन, गोल अशी नक्षी सलग फिरते. त्या काळच्या बनावट नाण्यात तांब्यावर चांदीचा पत्रा चढवून कडेला जोडलेला असतो. जोड केसासारखा दिसतो. त्याने नाणं फिरवलं. मग ते बाईंकडे दिलं.

त्यांनी भिंगातून पाहिलं. "दोनशे वर्षांपूर्वीचं आहे. बनावट, पण त्याच काळातलं."

"म्हणजे जुनं आहे," मी म्हटलं.

"जुनं खोटं," इलारिओन म्हणाला.

परतीच्या बसमध्ये मी त्याला समजावलं. पुस्तक सुक्रेत, बाई ते कुणाला देत नाहीत, कोण तपासायला जातंय? तो कोकाची पानं चघळत खिडकीबाहेर बघत होता.

"तीस वर्षं या पुस्तकासाठी झुरलो. एक चूक सापडली नाही हो, कोमाद्रे."

"मग?"

"मग काय. दमलो."

बैठकीत तो टोपी काढून उभा राहिला. "मधलं नाणं तांब्याचं आहे. बाकीची एकोणचाळीस चांदीची."

वाल्तेरला हे अपेक्षित नव्हतं. थोडा ओशाळलाच. "बरं, मग ते एक काढून टाका, काका. कापड पुढे घेतो."

मी सुटकेचा निःश्वास टाकला. एवढं सोपं होतं.

"नाही," इलारिओन म्हणाला. "ते बेनिताच्या आईने शिवलंय. तसंच राहील. शेवटच्या गाडीवर टाका."

मी वाल्तेरवर चिडले, त्या पुस्तकावर चिडले, सगळ्यात जास्त इलारिओनवर. दोन आठवडे त्याच्या दारात गेले नाही.

जत्रेच्या आदल्या दुपारी मात्र लिंबं घेऊन गेले. तो पाटावर बसून घासत होता. एकोणचाळीस घासून झाली. मधलं त्याने परत जागेवर शिवलं, कोरड्या फडक्याने पुसलं, आणि हात आवरला.

"याला नाही घासायचं?"

"पुरे. एकतीस वर्षं मीच सोललंय त्याला."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं शेवटच्या गाडीमागे चाललो. पुढच्या सगळ्या गाड्यांची धूळ तिथे येते. तोंडाला फडकं बांधलं तरी घशात जाते.