बाळाखालचे हात

माझा जीव मुळातच थाऱ्यावर नसतो. त्यात लेक सातव्या महिन्यातच झाला. यवतमाळच्या डॉक्टरांनी त्याच्या टाळूवर सोनोग्राफीची कांडी टेकवली, पडद्याकडे बराच वेळ पाहिलं आणि सांगितलं, की मेंदूतल्या पोकळ्यांच्या कडेला डाग दिसतो आहे. पायांकडे निरोप नेणारे पांढरे तंतू तिथूनच जातात. त्यांना किती इजा झाली, ते नागपूरला एमआरआय केल्यावर कळेल. हा चालेल का, एवढंच मी विचारलं. आत्ताच सांगता येत नाही, म्हणाले. त्या वर्षी आमच्या आर्णीत जो तो कापसाच्या पडलेल्या भावाचं बोलायचा. मला मात्र दुसरं काही ऐकूच यायचं नाही.

नागपूरच्या आधी सासूबाईंनी केळापूरच्या देवीला नेलं. आमच्याकडे बाळाला देवीच्या पायाशी ठेवून क्षणभर हात काढतात, आणि मग तिनं दिलेलं म्हणून उचलून घेतात. मी ठेवलं, पण खालचे हात काही काढले नाहीत. पुजाऱ्यानं दोनदा सांगून पाहिलं. खोटं कशाला बोलू, मला देवीचा राग आला होता. अर्धवट हातात दिलं आणि वर म्हणते सोड! परतीच्या बसमध्ये सासूबाई मला सोडून पुढच्या बाकावर जाऊन बसल्या.

नागपूरला नवीच पंचाईत. एवढ्या लहान जिवाला झोपेचं औषध नको, पाजून, दुपट्यात घट्ट गुंडाळून झोपवा, असं सांगितलं. यंत्रात जरा हलला तरी चित्र बिघडतं. मी पाजलं, थोपटलं, येरझाऱ्या घातल्या, मनातल्या मनात देवीला नाही नाही ते बोलले. तो टक्क जागा. आता नाही झोपला तर पुढची तारीख घ्यावी लागेल, असं आतला माणूस सांगून गेला. शेजारी पुसदची एक मुसलमान बाई बसली होती, नवऱ्याच्या पाठीच्या तपासणीसाठी आलेली. ती म्हणाली, "ताई, तुमचंच काळीज धडधडून राह्यलं, त्याले झोप कशी येईन? द्या मले."

मी कुणाच्या हाती देणारी नव्हे, पण दिलं. तिनं थोपटलं नाही की हलवलं नाही. नुसती छातीशी धरून बसली. ओठ पुटपुटत होते, काय ते तिचं तिला ठाऊक. लेक झोपला. मीच त्याला यंत्राच्या फळीवर ठेवलं आणि हात काढले. मनात देवीला म्हटलं, माय, आता तूच पाह्य. दार लागलं, आत घण घातल्यासारखा आवाज सुरू झाला. तरी तो उठला नाही. सगळं आटोपून बाहेर आले तोवर ती बाई निघून गेली होती. तिचं नावही मी विचारलं नव्हतं.

चमत्कार म्हणाल तर झाला नाही. इजा दोन्ही बाजूंना होती. पाय ताठ राहतील, चालला तर उशिरा चालेल, रोज व्यायाम करून घ्या, असं डॉक्टर म्हणाले. मी करून घेतला. देवीनं डाग पुसला नाही, पण नागपूरच्या त्या दुपारी मला सोडायला शिकवलं, त्याची मी जन्माची ऋणी आहे. शिकले तरी पचनी पडलं नाही, हेही खरं. शाळेत घालायचं वय झालं तेव्हा तो अंगणात भिंतीला धरून उभा राहिला, टाचा अधांतरी, पाय थरथरत. मी धावत जाऊन त्याच्या काखेत हात घातले.

"आई, सोड ना मले," तो म्हणाला.

मी सोडलं. तो पाण्याच्या टाक्यापर्यंत गेला. मोकळे झालेले हात मी तिथंच जोडले.