विठाबाईच्या मलमाच्या व्याख्या

विठाबाईला कुनी वय इचारलं तर ती म्हशींत सांगायची. "चंद्रीची पणजी दारात आली, तवा मी नवी नवरी." आता इचारणाऱ्यानं बसावं बोटं मोडत. कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हस उभी करून धारोष्ण दूध पाजायचा धंदा तिच्या घरात तीन पिढ्यांचा. पण तिचं नाव झालं ते दुधानं न्हवं, मलमानं.

म्हशीच्या सडाला चिरा पडल्या की ती धार काढू देत न्हाय, सरळ लाथ घालती. विठाबाईचं मलम लावलं की दोन दिवसांत गपगार. लोणी, मेण, हळद आन गगनबावड्याकडनं येणारा एक पाला. बायका त्येच टाचंच्या भेगांस्नी लावायच्या, आन कुनाची नवीन चप्पल चावली तर तिलाबी. पैसं घ्यायची न्हाय. "शेजारपाजाऱ्याकडनं मलमाचं पैसं घेतलंस तर गुण जाईल," असं सासूनं सांगितलेलं.

एका जनावरांच्या डॉक्टरनं ह्या मलमाची डबी पुण्याच्या औषध कंपनीला दाखवली. कंपनीला मलम पटलं. कंपनीकडनं पैसं घ्यायला विठाबाईची ना न्हवती. कंपनी काय शेजारी न्हवं. आन गोठ्याचं छप्पर असं गळत व्हतं की म्हशी आपणहून कोरड्या कोपऱ्यासाठी भांडायच्या. पोरगा यशराज तर नव्या पत्र्याचा रंगबी ठरवून बसलेला.

मग कंपनीची वकील आली. प्रियदर्शनी नावाची, तिशीतली, पांढरे बूट घालून. गोठ्यात बूट किती येळ पांढरे राहतात हे तिला पहिल्या पाच मिनिटांत कळलं. तिनं बाजल्यावर चाळीस पानं ठेवली.

"काकू, पहिली अकरा पानं फक्त व्याख्या आहेत."

"म्हंजी?"

"करारातल्या कुठल्या शब्दाचा अर्थ काय, ते आधी ठरवायचं. नंतर भांडण नको."

"ह्ये बेस हाय," विठाबाई म्हणाली. "लग्नात बी असं पायजे व्हतं. वाच."

"परवाना देणार म्हणजे तुम्ही. परवाना घेणार म्हणजे कंपनी."

"म्हंजी अर्ज कंपनीनं करायचा."

"अर्ज नसतो, काकू."

"मग कसला परवाना? रेशनकार्डाला बी अर्ज लागतोय."

यशराज म्हणाला, "आये, पुढं जाऊ दे की."

पुढं आलं 'उत्पादन'. त्यात पाला किती, तर मूठभर. वकीलबाईला ग्रॅममधी पायजे व्हतं. घरातला काटा आणला. विठाबाईनं मूठ भरली, बेचाळीस ग्रॅम. दुसऱ्यांदा अडतीस. तिसऱ्यांदा एक्कावन्न.

"तिसऱ्यांदा एवढा का वाढला?"

"ह्या येळी बाळासोची हेमा डोळ्यांपुढं आणली. तिच्या चिरा लई खोल."

प्रियदर्शनीनं लॅपटॉपवर टाइप केलं: 'मूठ म्हणजे परवाना देणाराची मूठ, अडतीस ते एक्कावन्न ग्रॅम, जनावर बघून.' यशराजनं कपाळाला हात लावला. विठाबाईला मात्र ही पोरगी आवडाय लागली.

मग आला 'एकमेव हक्क'. ठरलेल्या प्रदेशात हे मलम फक्त कंपनी बनवणार आन देणार. जनावराला असो, माणसाला असो, दुसऱ्या कुनीच द्यायचं न्हाय.

"दुसऱ्या म्हंजी?"

"म्हणजे... तुम्हीसुद्धा."

तेवढ्यात शेजारचा निसार वाटी घेऊन आत आला. त्येच्या दोन म्हशी, राणी आन बेबी. "आक्का, राणीनं आज बादली पार रस्त्यावर घालवली. जरा मलम दे."

विठाबाईनं वाटी भरली आन वकीलबाईला इचारलं, "सही झाल्यावर मी ह्येला असं दिलं तर?"

"भंग होईल कराराचा."

"भंग म्हंजी?"

"कंपनी तुमच्यावर दावा लावू शकते."

निसारनं वाटी हळूच पाठीमागं लपवली.

"यशा," विठाबाई म्हणाली, "तुझा पत्रा गेला."

"आये, जरा ऐक की..."

"काय ऐकू? निसारची म्हस लाथा घालणार, आन मी दारात बसून पुण्याची ट्यूब यायची वाट बघू व्हय? चाळीस वर्सं दिलंय मी. न्हाय जमायचं. चहा घे पोरी, आन जा."

प्रियदर्शनीनं चहा घेतला पण ती गेली न्हाय. "काकू, व्याख्या बदलता येते. म्हणून तर अकरा पानं आहेत."

"प्रदेश म्हंजी कुठवर?"

"संपूर्ण जग."

"जगात माझं घर येतंय?"

"येतं."

"ते काढ."

काढलं. 'संपूर्ण जग, परवाना देणाराचं घर वगळून.' विठाबाई खूश झाली, पण निसार डोकं खाजवत म्हणाला, "आक्का, माझं घर जगातच राहिलं की."

ते बी खरं. गल्ली काढली तर कसबा बावडा राहतो, कोल्हापूर काढलं तर मुरगूड. असं करत जगात नुसतं पुणं उरलं असतं.

"मग जागा नको, माणसं काढू," वकीलबाई म्हणाली. "घरची माणसं वगळून. पण घरचं म्हणजे कोण, ते नेमकं सांगा."

विठाबाईनं कायबी इचार न करता सांगितलं, "ज्येच्या म्हशीचं नाव मला ठावं, त्यो घरचा."

प्रियदर्शनीनं हसू दाबलं आन जसंच्या तसं टाइप केलं. मग पुण्याला सायबांना फोन लावून स्पीकरवर टाकला.

सायेब म्हणालं, "ही व्याख्या कोर्टात सिद्ध कशी करणार?"

"तोंडी, सर. त्यांना नावं पाठ आहेत."

"असून असून किती असतील? दहा-बारा?"

विठाबाई फोनजवळ सरकली. "लिवून घ्या, सायेब. चंद्री, गंगी, मोत्याळी. निसारची राणी आन बेबी. बाळासोची हेमा. कसबा बावड्यातली सुंद्री, ही शिंगानं कडी काढती. तिची भैन लाडी, ही न्हाय काढत..."

निसार बोटांवर मोजत व्हता, त्येची बोटं सात खेपा संपली. सायेब म्हणालं, "बाई, मला दुसरी मीटिंग आहे."

"थांबा की. आत्ता कुठं पंचगंगंच्या पल्याड आलोय."

फोनवर लांब श्वास ऐकू आला. "मॅडम, घाला ती व्याख्या."

विठाबाईनं अकराच्या अकरा पानं परत वाचून घेतली आन मग सही केली. यशराज त्याच दिवशी पत्रा सांगून आला. निळा.

पण व्याख्या गावभर झाली. आता मलमाला येणारा माणूस आधी म्हशीचं नाव सांगाय लागला. मुरगुडाच्या जोतीरामनं तर व्हिडिओ कॉल करून म्हसच समोर धरली.

"नाव काय हिचं?"

"नाव न्हाय ठेवलं. आमी 'ए' म्हणतोय."

"'ए' तर तुझी बायको तुला म्हणती. नाव ठेव, मग फोन कर."

यशराज कटकटायचा, "आये, असं रोज वाढत गेलं तर कंपनीला कळंल की." विठाबाई म्हणायची, "कळू दे. किती नावं, त्येचा आकडा कुठल्या पानावर हाय दाखव." आकडा न्हवताच. सायबांची मीटिंग व्हती न्हवं.

एका रविवारी इचलकरंजीचा मुनव्वर आला. मागावर काम करणारा, बिहारकडचा. हाताला फडकं गुंडाळलेलं, सुतानं बोटं चिरलेली.

"म्हशीचं नाव काय?" विठाबाईनं इचारलं.

"आक्का, म्हस नाय माझ्याकडं. खोलीत आमी सहा जण, म्हस कुठं बांधू?"

यशराज दारात उभा राहून दोघांकडं बघत व्हता. विठाबाईनं त्येच्याकडं पाठ केली.

"कवातरी घेशील का न्हाय?"

मुनव्वर लाजला. "गावाकडं घेणार. पैसं जमलं की."

"तिला काय म्हणशील?"

त्येनं लई इचार केला. "रेश्मा."

विठाबाईनं डोळं मिटून नाव दोनदा पुटपुटलं.

"झालं पाठ. सोड त्ये फडकं, हात बघू दे."