सिस्टरचा नांगर

दोराचं एक टोक पायाखाली दाबायचं, दुसरं दोन्ही हातांना गुंडाळायचं आणि पाठ मागे टाकून असा हिसका द्यायचा की फळीवरच्या घुंगरमाळा वाजाव्यात. मग माझ्याकडे न बघताच बाई विचारायच्या, "भाऊ, धरते का हे?"

माझं दुकान चिखलीच्या बाजारात आहे. दावी, कासरे, वेसणी, साखळ्या, पोळ्याचा साज. बैल कमी झाले तसं गिऱ्हाईकही कमी झालं. दोर ओढून बघणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील, पण ओढताना त्यांच्या डोळ्यांपुढे एखादा बैल असतो. या बाईंच्या डोळ्यांपुढे होडी होती.

पहिल्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, "मले नांगर पाह्यजे." मी त्यांना शेतीच्या अवजारांच्या दुकानाची वाट दाखवली. थोड्या वेळाने घामाघूम होऊन परत आल्या.

"भाऊ, तो जमिनीतला नांगर. मले पान्यातला पाह्यजे. बोटीचा."

मला वाटलं, बाईंना ऊन लागलं. मी आधी पाणी दिलं.

आरोग्य केंद्रात नर्स म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली होती. लग्न केलेलं नव्हतं. त्यांना सगळे सिस्टर म्हणत, मीही म्हणायला लागलो. मेहकरच्या अंगाला जे धरण आहे, त्याच्या पलीकडे एक गाव पाण्याने तुटलेलं होतं. तिथे लस द्यायला त्या भोयांच्या डोंग्यातून जात, लशीचा डबा मांडीवर घेऊन. पुढे पूल झाला, डोंग्याचं जाणं बंद झालं, मग सिस्टर रिटायर झाल्या. धरणावर कुणी तरी बोटिंगचा धंदा सुरू केला होता, तो दोन उन्हाळ्यांतच गुंडाळला. त्यातली एक वल्ह्यांची होडी सिस्टरनी विकत घेतली आणि धरणाकाठच्या गावात दोन खोल्या करून राहायला गेल्या.

"पण कशाले?" मी विचारलं होतं.

"त्या डोंग्यात मले कोनी हाका मारत नोतं. अन एकटी काऊन म्हणून कोनी विचारत बी नोतं. पान्यावर सारेच एकटे दिसतेत."

हे बोलून त्या लगेच साखळ्या चाळायला लागल्या.

अडचण अशी होती की होडी एका जागी थांबत नव्हती. सिस्टरना वल्हवत फिरायची हौस नव्हती. मध्यावर जाऊन नुसतं बसायचं, डबा खायचा, रेडिओ ऐकायचा. पण पश्चिमेचं वारं सुटलं की होडी सरकत सरकत काठाच्या बाभळींत शिरायची. आधी त्यांनी भोयांसारखा दोराला दगड बांधला. तळाशी गाळ, त्यावरून दगड घसरत जायचा. मग विहिरीत पडलेली बादली काढायचा गळ माझ्याकडून नेला. तो बुडालेल्या बाभळीच्या खोडात असा अडकला की शेवटी दोर कापून त्या परत आल्या.

"धरते, पन सोडत नाही," दुकानात येऊन त्यांनी तक्रार केली. "धराव बी अन सोडाव बी, असं काही नाही का तुमच्याकडे?"

मी म्हटलं, "सिस्टर, असं असतं त म्या घरी नेलं असतं."

त्या हसल्या. सिस्टर हसल्या की तोंडावर हात धरत. पुढचा एक दात पडला होता, तो त्यांनी बसवून घेतला नव्हता.

शेवटी आमच्या ओळीतल्या वेल्डरला आम्ही मध्ये घेतलं. मोडक्या नांगराचा फाळ घेऊन त्याने त्याला लांब दांडा जोडला, टोकाला कडी. "हा घ्या, नांगराचाच नांगर," म्हणाला. त्याची परीक्षा कुठे घ्यायची? सिस्टरच्या ओळखीच्या एका शेतात गव्हाला नुकतंच पाणी दिलं होतं. बांधाच्या, धुऱ्याच्या लगतच्या पडीक पट्टीत चिखल साचला होता. त्या चिखलात नांगर टाकला आणि दोर माझ्या हातात दिला. मी ताठ उभा राहून ओढला, तो आज्ञाधारक बैलासारखा निघून आला आणि मी पाठीवर पडलो. सिस्टर तोंडावर हात धरून इतक्या हसल्या की धुऱ्यावर बसल्या.

मग वेल्डर म्हणाला, "वाकून ओढा ना बे!" मी वाकलो, दोर जमिनीला समांतर धरला. फाळ खाली गेला आणि तिथेच बसला. आम्ही तिघांनी जोर लावला, हलला नाही. मी पुन्हा ताठ उभा राहिलो तर सुटून वर आला.

गोष्ट कळली. ओढ आडवी असली तर हा धरतो, वरून ओढलं तर सोडतो. म्हणजे होडीतून सोडताना दोर पाण्याच्या खोलीपेक्षा पुष्कळ लांब पाहिजे, आणि नांगराजवळ वजनदार साखळी पाहिजे, जी दांड्याला तळाशी झोपवून ठेवील. साखळी मी म्हशीची दिली. अंबाडीचा दोर पाण्यात कुजतो म्हणून नायलॉनचा दिला.

काठाजवळ होडी कायमची बांधायला सिस्टरनी पिठाच्या गिरणीचा झिजलेला दगड भोयांकरवी पाण्यात सोडला. त्याच्या साखळीला पीळ पडायचा, कारण वारं फिरलं की होडीही फिरायची. मी भोवरकडी काढून दिली. बैल खुंट्याभोवती किती का फिरेना, तिच्यामुळे दाव्याला पीळ पडत नाही. सिस्टर ती कडी किती तरी वेळ बोटांनी फिरवत बसल्या. "एवढीशी वस्तू," म्हणाल्या, "अन मले कोनी सांगतली बी नोती."

एकदा मला त्यांनी होडीत नेलं. मला पोहता येत नाही. बायकोने भाकरी-ठेचा बांधून दिला, आणि "कडेकडेनं जा" असा पाण्यावर अगदी निरुपयोगी सल्लाही दिला. मध्यावर नांगर टाकला. साखळी खडखडत गेली, होडी मागे सरली, दोर ताणला आणि आम्ही थांबलो. सगळीकडे पाणी, लांबवर कुणाचा तरी पंप. मी दोनदा विषय काढला, दोनदा तो बुडाला. मग मीही सिस्टरसारखा पाण्याकडे बघत बसलो. निघताना म्हणाल्या, "आज बरं वाटलं." मला वाटलं, मी तर काहीच केलं नाही.

त्या उन्हाळ्यात एका दुपारी अवकाळी वादळ आलं. चिखलीत पत्रे उडाले, गारा पडल्या. सिस्टरचा फोन लागेना. मी वेल्डरला म्हटलं, "गाडी काढ." रस्त्यात दोन ठिकाणी झाडं पडली होती. मोटरसायकल शेतातून ढकलत काढावी लागली. धरणावर पोचलो तर पाणी गढूळ, लाटा काठाचे दगड चाटून जात होत्या. भोयांनी डोंगे वर ओढले होते. त्यांच्यातल्या एकाने हात केला, "बाई तथी हायेत. म्या जाऊन पाह्यलं, पन डोंगा पलटाले लागला."

लांब मध्यावर होडी दिसत होती. तोंड वाऱ्याकडे. लाट आली की वर उठायची, दोराच्या हिसक्याने परत वळायची. आत निळं मेणकापडासारखं काहीतरी. सिस्टर तळाशी बसून अंगावर ताडपत्री ओढून घेतलेल्या. आम्ही दोघं आणि तो भोई काठावर नुसते उभे. वेल्डर पुटपुटत होता, "माही वेल्डिंग तुटू नको रे बाप्पा."

वारं पडायला वेळ लागला. मग ताडपत्री हलली. सिस्टर उठल्या, वाकून दोर खेचत होडी नांगराच्या वर आणली, दोर उभा केला आणि नांगर ओढून काढला. वल्ही मारत मारत आल्या. आम्ही गुडघाभर पाण्यात जाऊन होडी धरली.

आम्हाला बघून आधी त्या रागावल्यासारख्या झाल्या. "दुकान कोनाच्या भरोशावर सोडलं?"

"बंद केलं."

त्या खाली उतरल्या आणि ओल्या जमिनीवरच बसल्या. नांगर मांडीवर घेतला आणि त्याच्यावरचा गाळ तळहाताने पुसायला लागल्या. पुसला तरी पुसतच राहिल्या. खाली मान घालूनच म्हणाल्या, "कोनी येईन असं वाटलंच नोतं मले. म्या वाटच नाही पाह्यली."

वेल्डर उगीच मोटरसायकलकडे गेला.

त्यानंतर माझी बायको त्यांना रविवारी जेवायला बोलवायला लागली. दोन रविवार आल्या. बायकोशी छान गप्पा मारल्या, आमच्या सुनेला बाळाच्या अंघोळीच्या चार गोष्टी सांगितल्या. तिसऱ्या रविवारी आल्या नाहीत. मी फोनवर विचारलं तर म्हणाल्या, "वहिनीले राग नका येऊ देऊ. पन तुमच्याकडं आलं की मंग परत जा लागते ना, भाऊ."

मी बायकोला एक ताट कमी मांडायला सांगितलं.

पुढच्या हिवाळ्यात त्यांचा डावा हात कमजोर झाला. बोलणंही थोडं अडखळायला लागलं. नाशिकहून भाची आली, चांगली मुलगी, रडत रडत सामान बांधत होती. होडी भोयांना दिली. जाताना गाडी दुकानासमोर थांबवली, पण सिस्टर उतरल्या नाहीत. काचेतून फळीवरच्या साखळ्या बघत होत्या.

नाशिकहून फोन येत. तिथे त्यांना पाचव्या मजल्यावरची खोली होती. "आज वारं कोनतं हाये?" विचारायच्या. मी दुकानाबाहेर जाऊन सांगायचो. हळूहळू शब्द कमी झाले. शेवटी शेवटी नुसता श्वास ऐकू यायचा, आणि मी आपला वारं, ऊन, बाजारभाव सांगत बसायचो. बोलणं संपलं तरी त्या फोन ठेवत नसत. मीही ठेवत नसे.

मग एक दिवस सकाळी त्यांच्या नंबरवरून भाचीच बोलली.

मी दोर आत घेतले, माळा उतरवल्या. शेजारी मोबाईलचं दुकान टाकलेला नवा माणूस बाहेर आला.

"काका, आत्ताच त उघडलं. बंद करून राह्यले?"

"एक बाई वारल्या."

"अरे. कोन लागत होत्या तुमच्या?"

मी शब्द शोधला. बहीण म्हणावं तर त्यांनी कधी राखी बांधली नव्हती. मैत्रीण हा शब्द आमच्या बाजारात माझ्या वयाच्या माणसाला चालत नाही.

"गिऱ्हाईक," मी म्हटलं.

त्याला ती गंमत वाटली, तो हसला. मग त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. माझं शटर एका बाजूला अडकतं. तो पुढे आला, अडकलेल्या बाजूला हात लावला आणि आम्ही दोघांनी ते खाली ओढलं.